नाना, ती चूक कुठे होती?

नाना, आधी कबुली देऊन टाकतो. तुम्ही होतात तोवर त्या गाण्यातली चूक मला एकदाही ऐकू आली नाही. पहिल्या वेळी नाही, पंधराव्या वेळी नाही, आणि ज्या शनिवारी मी टेबलावर थाप मारून "आली नाना, आली!" असं ओरडलो, त्या शनिवारी तर मुळीच नाही. त्या दिवशी मला भूक लागली होती. दुपारचे तीन वाजले होते, डबा तसाच पडला होता आणि तुम्ही सोळाव्यांदा गाणं लावायला सांगत होतात. संगीतातल्या माझ्या अधिकाराची एकूण पातळी ही अशी. पोटात कावळे ओरडायला लागले की मला सूक्ष्म चुकासुद्धा ऐकू येतात.

तुम्ही गेलात त्याला आज आठवडा झाला. हे छापून येणार आहे, म्हणून वाचणाऱ्यासाठी दोन गोष्टी सांगतो, तुम्ही तेवढं सांभाळून घ्या. मी जळगावातल्या एका डाळमिलच्या ऑफिसात काम करतो आणि रविवारी सकाळी आठ ते नऊ इथल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर जुनी गाणी लावतो. नाना धुळ्याचे. उभी हयात लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात गेली. दर शनिवारी ते एसटीने जळगावला यायचे, माझ्याबरोबर गाणी निवडायचे, रात्री मुलीकडे मुक्काम करायचे, रविवारी कार्यक्रम संपेपर्यंत माझ्यासमोर बसायचे आणि मग धुळ्याची गाडी पकडायचे. नऊ वर्षं. माझा कार्यक्रम म्हणून लोक ज्याला ओळखतात, त्यात माझा फक्त आवाज होता.

आपली ओळख झाली तीही माझ्या मूर्खपणामुळेच. कार्यक्रमाचे ते पहिले महिने होते. माहिती कमी पडली की मी विशेषणं वापरायचो. एका रविवारी म्हणालो, "आणि आता या गाण्यातली हृदयाला भिडणारी बासरी ऐकू या." नऊ वाजता बाहेर आलो तर पायरीवर पांढरा पायजमा-सदरा घातलेले एक गृहस्थ मांडीवर काळी लांबट पेटी घेऊन बसलेले.

"भाऊ, ती बासरी व्हती?"

"हो. का?"

"हृदयले भिडनी?"

"भिडली की."

तुम्ही पेटी उघडलीत, तुकडे जोडलेत आणि तिथेच पायरीवर गाण्याच्या मधला तो तुकडा जसाच्या तसा वाजवलात. समोरचा रिक्षावाला रिक्षा बंद करून ऐकत राहिला. मग क्लॅरिनेट माझ्या नाकासमोर धरून विचारलंत, "मंग ही काय शे?"

दुसरा कोणी असता तर ओशाळला असता. मी म्हणालो, "नाना, पुढच्या शनिवारी वेळ आहे का?" माझ्या आयुष्यातला एवढा एकच निर्णय असा आहे, जो मी विचार न करता घेतला आणि तरी बरोबर निघाला.

पहिल्याच शनिवारी लक्षात आलं की तुम्हाला एकाही गाण्याचे शब्द येत नाहीत. सिनेमाचं नाव माहीत नाही, गायक कोण याची फिकीर नाही. तुमच्याकडे गाण्यांचे चारच प्रकार होते: निघतानाचं, चौकातलं, दारातलं आणि पाठवणीचं. वरात निघते तेव्हा वाजवायचं ते निघतानाचं. चौकात थांबून नाचणाऱ्यांना दमवायचं ते चौकातलं. मांडवाच्या दारात नवरदेव घोड्यावरून उतरतो तेव्हाचं दारातलं. पाठवणीचं तर सांगायला नकोच. जगातलं कुठलंही जुनं गाणं सांगितलं की तुम्ही डोळे मिटून दोन ओळी गुणगुणायचात आणि त्याला चारांपैकी एका खणात टाकायचात. त्यावर अपील नव्हतं.

एकदा मी अडून बसलो होतो. "नाना, या गाण्यात तो माणूस जीव द्यायला निघालाय. आणि तुम्ही हे नवरदेवापुढे वाजवायचात?"

"मंग? चाल पाह्य ना कशी शे. घोडासुद्धा पाय उचलस."

"पण शब्द?"

"शब्द घरमा ठेवाना भाऊ, चाल संगे लेवानी."

हळूहळू माझा कार्यक्रमही त्याच रस्त्याने चालायला लागला. आठला निघायचं, सव्वाआठला चौक, पावणेनऊला दार, नऊला पाठवणी. ऐकणाऱ्यांना यातलं काही माहीत नव्हतं. पण एका बाईंनी पत्रात लिहिलं होतं, "तुमचा कार्यक्रम संपला की कुठेतरी पंगतीला जाऊन बसावंसं वाटतं, असं का होतं कळत नाही." ते पत्र मी तुम्हाला वाचून दाखवलं, तेव्हा तुम्ही एवढे हसलात की यंत्रावर बसणाऱ्या आमच्या वैशालीताईंनी दार लावून घेतलं.

आता त्या चुकीकडे येतो.

सात वर्षं तुम्ही त्या गाण्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ते आपल्या यादीत 'चौकातलं' म्हणून होतं, वर्षातून दोनदा लागायचं, तुम्ही मान हलवायचात, संपलं. मग दोन वर्षांपूर्वीच्या एका शनिवारी ते लागलं आणि तुम्ही एकदम पुढे झुकलात. "आयक. आता क्लॅरिनेटवाला येई. आधी येस तो. अर्धी मात्रा आधी."

मी ऐकलं. मला सगळं व्यवस्थितच वाटलं.

"आयकी का चूक? आनि देख, गानारानं कसं सांभाळी लिधं! पुढलाले समजू दिन्हं नही."

"पुन्हा लावू?"

"लाव."

तिथून दर शनिवारी तेच. माझी उत्सुकता खरी होती नाना, तेवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो. एवढं जुनं, एवढं गाजलेलं गाणं, हजारो लोकांनी हजारो वेळा ऐकलेलं, आणि त्यातली चूक फक्त धुळ्याच्या एका माणसाला सापडते! मी हेडफोन लावून ऐकलं. गाडीवर कानात घालून ऐकलं आणि एका बैलगाडीच्या मागे धडकलो. बायकोला ऐकवलं, ती म्हणाली चूक गाण्यात नाही. पुढे काय म्हणाली ते इथे लिहीत नाही.

तुम्ही मात्र कधी हेडफोन लावला नाहीत. "घोडाले झापड लावतस तसं लागस," म्हणायचात. त्याऐवजी हाताचा तळवा स्पीकरच्या खोक्यावर ठेवून बसायचात. मला ते इतकं आवडलं की मी एकदा माइकवर सांगून टाकलं, "मंडळी, आमचे नाना संगीताला स्पर्श करतात." वैशालीताईंनी काचेपलीकडून कपाळाला हात लावला. पण तुम्ही समोर बसून गालातल्या गालात हसत होतात, त्यामुळे मला वाटलं, वाक्य जमलं.

आणखीही बरंच मला वाटलं होतं. तुम्ही फोनवर बोलणं बंद केलंत, तेव्हा वाटलं, गाण्याचं बोलणं समोरासमोर व्हावं असा जुन्या माणसाचा शिष्टाचार आहे. तुम्ही खुर्ची सरकवून बरोबर माझ्या तोंडासमोर बसायला लागलात, तेव्हा वाटलं, माझं बोलणं तुम्हाला रस घेऊन ऐकावंसं वाटतंय. आणि गाण्यात तुम्ही बोट वर करून "आता!" म्हणायचात, ते बोट कधी त्या तुकड्याच्या आधी उठायचं, कधी तो होऊन गेल्यावर. मला वाटलं, चूक फारच बारीक असणार, म्हणून तर ती एका जागी सापडत नाही. माणसं ओळखण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असं मी डाळमिलमध्ये सांगत असतो.

मग तो भुकेचा शनिवार आला. मी "आली!" म्हणालो आणि तुमचा चेहरा जो उजळला, तो पाहून मला डबा उघडायची लाज वाटली. तुम्ही माझा हात दोन्ही हातांत धरलात. "आली ना? सांभाळी लिधं ना त्यानी?" मी म्हणालो, "काय सांभाळलं नाना, कमाल आहे."

इथपर्यंत ठीक होतं. पण मी फाटक्या तोंडाचा माणूस. दुसऱ्याच दिवशी माइकवर जाहीर केलं की या गाण्यात एक चूक आहे, ती धुळ्याच्या नानांनी शोधली, मीही ऐकली आहे आणि एक दिवस ती जागा श्रोत्यांना दाखवणार आहे. बस. तेव्हापासून दर आठवड्याला विचारणा. कार्यक्रम मोबाइलवरही ऐकता येतो, त्यामुळे धुळ्याहून, शिरपूरहून, एरंडोलहून. "तो दिवस कधी येणार?" मी म्हणायचो, "नाना सांगतील तेव्हा." मला वाटायचं, तुम्ही आहात तोवर माझं निभावेल.

मंगळवारी तुम्ही गेलात. बातमी पसरली आणि बुधवारपासून निरोप यायला लागले: रविवारी नानांची आठवण म्हणून तेच गाणं लावा आणि ती चूक दाखवा. वैशालीताईंनी सत्तेचाळीस निरोप लिहून काढून माझ्या हातात ठेवले. "आता काय दाखवणार?" त्यांनी विचारलं. त्यांना माझ्या कानाबद्दल कधीच काही वाटत नव्हतं, त्यामुळे त्यांना फसवणं शक्य नव्हतं.

म्हणून गुरुवारी धुळ्याला आलो. दुःखाच्या घरी माणूस गप्प बसतो, पाणी पितो, निघतो. मी चौकशी अधिकाऱ्यासारखा अक्कांसमोर बसलो. (अक्का म्हणजे नानांची बायको, हेही वाचणाऱ्यासाठी.) कसं विचारावं कळेना, तेव्हा म्हणालो, "अक्का, नानांचा कान फार तयार होता."

अक्कांनी माझ्याकडे बघितलं.

"भाऊ, तुले माहीतच नही का?"

"काय?"

"त्यासले आयकू कुठे ये. दोन वरीस व्हयनात. डावा कान तं बँडमाच गया व्हता, मांगे ढोल, बाजूले ट्रम्पेट. उजवाबी गया. तोंडकडे देखीसन समजी लेयेत."

मी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. तोंडाकडे बघून समजून घ्यायचे. म्हणजे मी दोन वर्षं शनिवार-रविवार तुमच्याशी गप्पा मारत होतो आणि तुम्ही माझे ओठ वाचत होतात. माझ्या मिशा किती वाढल्या होत्या मधे, नाना! तुम्ही एकदा म्हणाला होतात, "भाऊ, मिशा काप, चांगला दिसशी." मी ते माझ्या रूपाबद्दल समजलो होतो.

पण मग दुसरा प्रश्न आला, आणि तो मला अजून सोडत नाही. तुम्हाला गाणं ऐकू येत नव्हतं, तर चूक कुठून ऐकू येत होती? तळव्याखाली ठेका कळत असेल. बाकी सगळं डोक्यात वाजत असणार. कोण वाजवत होतं तिथे?

मी अक्कांना गाण्याची पहिली ओळ म्हणून दाखवली. माझा आवाज ऐकून शेजारची एक बाई डोकावून गेली. अक्का मात्र पदर सावरून सरळ बसल्या.

"हाई? हाई तं एरंडोलनं लगीन."

मग त्यांनी सांगितलं. तुम्ही वीस-एकवीसचे होतात, क्लॅरिनेट हातात येऊन पहिलाच सीझन. बँड तुमच्या थोरल्या भावाचा, गाण्याची मुख्य ओळ ट्रम्पेटवर तेच वाजवायचे. एरंडोलच्या चौकात वरात थांबली होती, गर्दी होती, आणि हेच गाणं चालू असताना तुम्ही घाईने अर्धी मात्रा आधी घुसलात. थोरल्या भावांनी तिथल्या तिथे आपली ओळ अशी वळवली की ते मुद्दाम केल्यासारखं वाटलं. लोकांनी पुन्हा वाजवायला लावलं. बँडच्या बाहेर कुणाला कळलं नाही. आणि भावांनी त्याबद्दल तुम्हाला कधी एक शब्द विचारला नाही, त्या दिवशी नाही आणि पुढे सुरतेला निघून गेले तेव्हाही नाही.

"रागवता तं बरं व्हतं, म्हनेत," अक्का म्हणाल्या. "बोलनाच नही त्यास्ना भाऊ. बोलायनं र्‍ही गयं, र्‍ही गयं, आनि तो तथाच सुरतले वारी गया."

म्हणजे गाणारा कोणी सांभाळून घेत नव्हता. रेकॉर्डमध्ये चूक नव्हतीच. तुमच्या डोक्यात जे वाजत होतं ते एरंडोलच्या चौकातलं होतं, आणि सोळा वेळा तुम्ही मला ते दाखवत होतात. "कसं सांभाळी लिधं!" हे तुम्ही कुणाबद्दल म्हणत होतात ते मला आत्ता कळतंय. पण तुम्हाला स्वतःला हे माहीत होतं का, नाना? की एवढ्या वर्षांनी दोन्ही गाणी एकच झाली होती? आणि ओठ वाचणाऱ्या माणसाला माझं ते "आली!" खोटं आहे हे कळलं नसेल, यावर माझा विश्वास बसत नाही. कळलं होतं का? कळूनही माझे हात धरलेत का? अक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, तुम्ही त्या रविवारी घरी येऊन दोनदा जेवलात, एवढंच त्यांना आठवतं.

निघताना त्यांनी मला दारात थांबवलं. "रेडिओवर काही सांगू नको, भाऊ. त्यास्नी दोन वरीस कोनले समजू दिन्हं नही. बँडमधला लोके आयकतस. सुकदेव शे शिरपूरले, तो साइड ड्रमवर व्हता त्या लगनमा. एरंडोलले वाजाडनारा मानसंमा तो एकलाच र्‍हायेल शे. त्याले बठ्ठं माहीत शे."

"मग मी कुठेच बोलू नको?"

"लिखनं व्हई तं लिख. त्या लोके वाचतस कुठे!"

म्हणून हे लिहितोय. अक्कांच्या परवानगीने, आणि वाचनाबद्दलच्या त्यांच्या खात्रीवर विसंबून.

रविवारी आठ वाजता माइकसमोर बसलो. आयुष्यात पहिल्यांदा कागदावर लिहून नेलं होतं. खरं सांगावं तर तुम्ही बहिरे आणि आपलीच चूक दुसऱ्याच्या गाण्यात ऐकणारे ठरता. खोटं सांगावं, कुठली तरी जागा दाखवावी, तर शिरपूरला एक माणूस बसलेला आहे ज्याला माहीत आहे. शेवटी मी माझ्यापुरतं खरं सांगितलं.

"मंडळी, मी तुमच्याशी खोटं बोललो. ती चूक मला कधीच ऐकू आली नाही. नानांना ती सापडली होती, माझा कान तेवढा नाही. त्यांना बरं वाटावं म्हणून हो म्हणालो. जागा मला माहीत नाही. गाणं लावतो, तुमचं तुम्ही ऐका."

गाणं संपायच्या आत फोन वाजायला लागले. जळगावातूनच एक बाई म्हणाल्या, त्यांना दुसऱ्या कडव्यानंतर ऐकू आली. एरंडोलचे एक निवृत्त हेडमास्तर म्हणाले, छे, ती अगदी शेवटाला आहे, आणि ती चूक नसून मुद्दाम केलेली आहे, असं आपण पूर्वीही सांगितलं होतं. धुळ्याहून एक ताई म्हणाल्या, "आमच्या मिस्टरांना आली. ते आता आंघोळीला गेलेत, बाहेर आले की सांगतील." तीन फोनमध्ये तीन चुका. मला जरा धीर आला. गर्दीत एखादी चौथीही खपून जाईल असं वाटलं.

तेवढ्यात वैशालीताईंनी काचेपलीकडून पाटी धरली: शिरपूर, सुकदेव.

मी मानेनेच नको म्हणालो. त्यांनी मानेनेच जोडून दिला.

"भाऊ, मी सुकदेव. नानाना संगे साइड ड्रम वाजाडे मी." आवाज म्हातारा होता, पण घाईचा नव्हता. सगळा जळगाव जिल्हा आणि अर्धा धुळे जिल्हा ऐकतोय आणि हा माणूस आता सांगणार की चूक रेकॉर्डमध्ये नाहीच, ती नानाची स्वतःची आहे.

"बोला, सुकदेवभाऊ."

"आखो एकदा लाव गानं. फोन बंद करू नको."

पुन्हा लावलं. पहिलं कडवं झालं. फोनमधून बारीक आवाज यायला लागला, टक् टक् टक्. आधी वाटलं, लाइन खराब आहे. वैशालीताईंनी हळूच फोनचा आवाज वाढवला. सुकदेवभाऊ शिरपूरला कशावर तरी, पत्र्याच्या डब्यावर असेल, बोटांनी ठेका धरून बसले होते. गाण्याबरोबर अगदी बिनचूक. मग मधलं वाजवणं आलं, आणि क्लॅरिनेट यायच्या जरा आधी त्यांची बोटं अर्धी मात्रा पुढे धावली, आणि दोन ठोक्यांत, कुणाला कळायच्या आत, परत गाण्यात येऊन मिळाली.

मी खुर्चीत ताठ बसलो, नाना. वैशालीताईही.

गाणं संपलं. टकटक थांबली. सुकदेवभाऊंनी घसा साफ केला.

"शे चूक," ते म्हणाले. "नाना बरोबर सांगे."

आणि त्यांनी फोन ठेवला.